ओरिनच्या हातचे शेवटचे पासे

फ्रीमाँट स्ट्रीटवरच्या ‘कॉपर लॅन्टर्न’ कॅसिनोत सकाळच्या पाळीला पासा टेबलाबाहेर उडाला, की म्हातारा साबो हमखास ओरडायचा, “तेच पासे! बदलायचे नाहीत हं!” पासा बदलला की नशीब फिरतं, अशी झाडून सगळ्या खेळणाऱ्यांची समजूत. मग कुणीतरी गुडघे टेकून गालिच्यावर तो शोधायचा, आणि टेबलाच्या मधोमध बसलेली व्हर्ला टटल तो हातात घेऊन तपासायची. कडा शाबूत आहेत ना, छापलेला क्रमांक आपलाच आहे ना. तिनं मान हलवली की खेळ पुढे सुरू. हे काम ती इतकी वर्षं करत होती, की पासा बोटांत आल्यावर तिला डोळ्यांची फारशी गरज लागत नसे.

तिचा नवरा ओरिन हे पासे बनवायचा. गावाबाहेरच्या एका लहान कारखान्यात त्याची उभी हयात गेली. आरपार दिसणारे लाल पासे. आत बुडबुडा नको, कडा पात्यासारख्या धारदार. ठिपके कोरले की तेवढा माल कमी होतो, आणि सहाची बाजू एकाच्या बाजूपेक्षा हलकी पडते. म्हणून खळग्यांत भरायचा पांढरा रंग काढलेल्या मालाइतकाच जड लागतो. जेवताना हेच पुराण.

“दोष असतोच गं पाशात,” तो म्हणायचा. “आपण तो फक्त मापाला सापडणार नाही इतका बारीक करतो. पण पाशाचं कुणी लाडकं असता कामा नये. बायकोसुद्धा नाही.”

“मला काय करायचाय तुझा पासा? भांडी घासायला ये आधी.”

तो यायचा. नीट घासायचा नाही, पण यायचा.

फेब्रुवारीत ओरिन गेला. छातीचं दुखणं होतं, जाणार हे दोघांनाही ठाऊक होतं, तरी व्हर्लाला ते सोसलं नाही. घरात शिरताना ती अजून दारातूनच “आले रे” म्हणायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

त्याच्या हातचा शेवटचा माल एप्रिलमध्ये कॅसिनोत आला. कोपऱ्यांवरची सफाई बघूनच तिनं ओळखलं. नेहमीप्रमाणे तिनं एकेक पासा मापाच्या यंत्रात धरून मोजला. एका बाजूपासून समोरच्या बाजूपर्यंत, मग दुसऱ्या दोन, मग उरलेल्या दोन. काटा केसभरही हलला नाही. असं होत नाही. कितीही चांगला पासा असला तरी काटा थोडा थरथरतोच. तिला वाटलं, यंत्र बिघडलं असेल. दुसऱ्या कारखान्याचा पासा लावून बघितला, तर काटा हलला. पुन्हा ओरिनचा लावला. काटा ढिम्म.

“बघ, जाताजाता साधलंस,” ती पुटपुटली. तिला अभिमान वाटला आणि रडूही आलं.

त्याच आठवड्यात साबोनं जरा जोरात फेकलं आणि पासा टेबलाच्या पार त्या टोकाला बाहेर उडाला. शोधाशोध झाली. काठीनं पासे ओढून देणारा अबेटा तिकडे गालिच्यावर रांगत होता, आणि पासा सापडला तो इकडे, व्हर्लाच्या डाव्या बुटाशी.

“घरंगळला असेल,” व्हर्ला म्हणाली. गालिचा जाड होता. त्यावरून वाटाणा घरंगळला नसता.

दुसऱ्या दिवशी दुसरे पासे, त्याच मालातले. खेळणारी बाईही दुसरी. उडालेला पासा व्हर्लाच्या बुटाशी. नंतर तर हे रोजचंच झालं. आकडा मात्र दरवेळी वेगळा. कधी दोन, कधी पाच. टेबलावरही पासे कुणाला झुकतं माप देत नव्हते. जिंकणारे जिंकत होते, हरणारे शिव्या देत होते, सगळं रीतसर चाललं होतं.

“व्हर्लाबाई, मी आता रांगतच नाही,” अबेटा म्हणाला. तो हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. “आधी तुमच्या पायाशी बघतो.”

एका सकाळी तिनं मुद्दाम जागा बदलून घेतली. वाटेपलीकडच्या टेबलावर जाऊन बसली. तिथले पासे जुन्या मालातले होते. थोड्या वेळानं तिच्या टेबलावर अगदी निवांत खेळ चाललेला असताना बुटाला काहीतरी हलकंच टेकलं. मांजर येऊन टेकावं तसं. तिनं खाली बघितलं नाही. वाटेपलीकडून साबोचा आवाज आला, “तेच पासे! कुठं गेला माझा पासा?”

अबेटा वाट ओलांडून आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. खाली वाकून त्यानं पासा उचलला आणि तिच्या हातात दिला.

पासा कोमट होता.

दुपारी पाळीच्या प्रमुखानं, डोलननं, तिला बाजूला घेतलं. “लोक कुजबुजायला लागलेत. माप काय म्हणतं?”

“बिनचूक. इतके बिनचूक पासे मी जन्मात पाहिले नाहीत.”

“मग मी काय सांगणार? ओरिन माझाही मित्र होता. तुम्ही चांगले म्हणालात तर राहतील. बाद म्हणालात तर आजच्या आज सगळा माल भोकं पाडून टाकू. तुमचा शब्द शेवटचा.”

व्हर्ला जेवणाच्या सुट्टीत मालाच्या खोलीत जाऊन बसली. कुणाचं नुकसान होत नव्हतं. एक आकडा खोटा पडत नव्हता. गप्प राहिली असती तर खोकी संपेपर्यंत महिना-दोन महिने रोज कुणीतरी तिच्या पायाशी आलं असतं. तिला ते हवं होतं. फार हवं होतं. पण हे पासे निर्दोष म्हणून खाली सही करायची, तर ती ओरिनच्या हयातभराच्या कामाशी बेइमानी झाली असती. त्याच्या पाशांचं कुणीतरी लाडकं झालं होतं, आणि ते कोण, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

“असं नाही करायचं रे,” ती खोक्यांना म्हणाली. “तूच सांगायचास ना?”

तिनं स्वतःच भोक पाडायचं यंत्र पुढ्यात ओढलं. बाद पाशाच्या मधोमध भोक पाडतात, म्हणजे तो पुन्हा टेबलावर येत नाही. एकेक पासा ठेवायची, दांडा खाली ओढायची. सगळी खोकी संपेपर्यंत तिनं कुणाला आत येऊ दिलं नाही. डोळे पुसायलाही थांबली नाही. शेवटचा पासा तिनं भोक पाडून पर्समध्ये टाकला. बाद पासे कुणीही घरी नेऊ शकतं.

दुसऱ्या दिवशी नवे पासे आले. काटा थोडा थरथरला. साबोनं फेकलेला पासा उडाला, आणि सगळ्यांनी नकळत व्हर्लाच्या बुटांकडे बघितलं. तिथं काही नव्हतं. पासा होता तिकडेच, टोकाला, जिथं पडायला हवा तिथं.

“तेच पासे,” साबो म्हणाला, पण हळू आवाजात. मग तिच्याकडे बघून म्हणाला, “बाई, पाणी मागवू का?”

“नको,” व्हर्ला म्हणाली. तिला इतकं एकटं फेब्रुवारीतही वाटलं नव्हतं.

घरी आली तेव्हा स्वयंपाकघरात अजून ऊन होतं. तिनं ओरिनचा तोल बघायचा चिमटा काढला आणि टेबलाच्या कडेला बसवला. बाद पाशाचे समोरासमोरचे दोन कोपरे त्याच्या दोन टोकांत अडकवले. निदान आता तरी तो चारचौघांसारखा वागतो का, एवढंच तिला बघायचं होतं. आरपार भोकाच्या दोन तोंडांपैकी एक तिनं रुंद कोरलं, म्हणजे ती बाजू नक्की हलकी होणार. हलकी बाजू वर जाते. दरवेळी जाते.

तिनं फुंकर घातली. पासा फिरला, मंदावला, थांबला.

रुंद तोंड वर गेलं नव्हतं. ते सरळ समोर बघत होतं, टेबलापलीकडे, ओरिनच्या खुर्चीकडे.

पुन्हा फुंकर. पुन्हा तिकडेच.

टेबल कलतं असेल. वारा असेल. खुर्ची हलवून बघावी म्हणजे शंका मिटेल, असं म्हणून ती उठली. वेताची खुर्ची ती. केर काढताना एका हातानं उचलायची.

तिनं एका हातानं उचलायला घेतली. उचलली गेली नाही.

तिनं दोन्ही हात लावले, पाय रोवले, सगळा जोर लावला. वेत करकरला. खुर्ची जागची हलली नाही.

व्हर्लानं हात काढून घेतले.

“बरं, बस,” ती म्हणाली. “बस निवांत.”