झाडाकडे उठलेला हात

पाऊस तिरका येत होता आणि दुकानाचं दार अर्धंच लोटलेलं होतं. ती मशीनवर वाकून एका लाइफ जॅकेटचा उसवलेला खांदा शिवत होती. तेवढ्यात टेबलावर काहीतरी ओलं धपकन पडलं.

वर पाहिलं तर समोर एक उंच, हडकुळा माणूस. केसांतून पाणी निथळतंय आणि नजर मशीनच्या सुईवर.

"यासारखी आणखी बरीच आहेत. सगळ्यांना लाल पट्टी लावून हवी. लांब, जाड... आंधळ्याच्या हाताला लागेल अशी."

कयाक या अरुंद, एकट्याच्या नावेत बसल्यावर आत पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती ताणून बसवतात ते रबरी झाकण होतं ते. मधोमध चिरलेलं. तिनं चिरेवरून बोट फिरवलं.

"हे फाटलेलं नाही. सुरीनं कापलंय. कोणी?"

"मी."

"चांगली वस्तू अशी कापतात होय?"

"आत माणूस होता," तो म्हणाला. "नाव उलटलेली. झाकण ओढून काढायची पट्टी त्यानं बसताना घाईत आतच दाबून टाकली होती. बाहेर असती तर त्याचा तोच सुटला असता."

तिचं बोट थांबलं. "वाचला?"

दाराच्या फटीतून नदी दिसत होती, मातकट, फुगलेली. तो तिकडेच बघत राहिला.

तेव्हा तिनं त्याला ओळखलं. नदीवर कयाक शिकवणारा. काठावर एका पायावर भार टाकून तासन् तास पाणी न्याहाळायचा, म्हणून सगळे त्याला बगळा म्हणत. आणि त्यानंही बहुधा तिला ओळखलं असावं. तिचा दादा याच नदीत गेला होता. जिथं पाणी खडकांतून गरगरत खाली कोसळतं आणि ज्याला सगळे 'जातं' म्हणतात, तिथं. नावेतून बाहेर पडल्यावर दादा पाण्यात उभा राहायला गेला. पाय दोन दगडांत अडकला आणि मागून येणाऱ्या पाण्यानं त्याला पुढं वाकवून खाली दाबलं. पाणी फक्त कमरेइतकं होतं. ती काठावर होती, त्याच्यासाठी टॉवेल घेऊन.

त्या दिवसापासून आई तिला एका शब्दानं बोलली नव्हती. ओरडली नाही, दोष दिला नाही. ताट वाढायची, ते खाली बघून.

"मला शिकवाल?" तिनं एकदम विचारलं.

"भीती वाटते?"

"खूप."

"मग या. ज्यांना वाटत नाही त्यांना मी घेतच नाही."

*

पहिला धडा बुडण्याचा. संथ डोहात त्यानं तिला कयाकसकट उलटी केली. खाली डोकं, वर पाय, आणि कानांत नुसती घुमघुम. घाबरायचं नाही, नावेच्या पाठीवर थाप मारायची, मग पट्टी ओढायची. ती खोकत, ठसकत वर आली तर हा हसतोय.

"अहो बगळे, हसताय काय? सगळी नदी नाकात गेली माझ्या!"

"थोडी राहू द्या आम्हाला. उद्या शिकवायला लागेल."

मग उलटी कयाक आत बसल्या बसल्या सरळ करणं. वल्हं पाण्यावर दाबायचं, कमरेला झटका द्यायचा आणि डोकं सगळ्यात शेवटी वर काढायचं.

"डोकं आधी काढता, म्हणून परत बुडता."

"डोकं आहे, म्हणून काढते."

एकदा ती उलटली ती बराच वेळ वर आलीच नाही. "अगं ए!" तो काठावरून ओरडला आणि बुटांसकट पाण्यात शिरला. ती झटका देऊन सरळ झाली, केस मागं टाकले, आणि त्याच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे बघून हसली. तिथून 'तुम्ही' गेलं ते गेलंच.

डोहातून ती वाहत्या पाण्यात आली. मोठ्या खडकामागं पाणी शांत असतं, तिथं शिरून दम खायला शिकली. बाहेर फेकली गेलीस तर उताणी हो, पाय पुढं ठेव, आणि मेलीस तरी पाण्यात उभी राहू नकोस, हे त्यानं इतक्यांदा सांगितलं की ती झोपेतही पाय उचलायची. दोर फेकायला शिकली. दोर स्वतःला कधीच बांधायचा नाही. बसायचं, टाचा रोवायच्या आणि ओढायचं.

आणि एक नियम त्यानं तिला जवळ बसवून सांगितला.

"काठावरून वाट दाखवणाऱ्याचा आवाज पाण्यातल्याला ऐकू येत नाही. त्याला फक्त हात दिसतो. हात जिकडं, तिकडं तो जातो. म्हणून धोका दाखवायचा नाही. जिकडून जायचं तेच दाखवायचं."

"आणि धोका फारच मोठा असला तर?"

"तरी नाही."

"तू एकटा उतरतोस तेव्हा तुझ्यासाठी काठावर कोण असतं?"

"जो रिकामा असेल तो."

"यापुढं मी असेन," ती म्हणाली.

मग पुढं वाकून त्यानं तिच्या हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. पट्टा आधीच घट्ट होता... दोघांनाही ते ठाऊक होतं.

*

पाणी चढलं की शिकाऊंना नेण्याआधी तो जात्यातून एकटा उतरून बघायचा. त्या सकाळी दोघांनी काठानं चालत सगळी वाट तपासली. मधल्या मोठ्या खडकानं धार दुभागलेली. डावीकडे उंच लाटा, उजवीकडे गुळगुळीत पाणी. दोन्ही वाटा मोकळ्या होत्या.

"खाली पोचलो की तुला एक विचारायचंय," तो नावेत बसता बसता म्हणाला.

"आत्ताच विचार की."

"आत्ता पाय कापतील."

"बगळा एकाच पायावर उभा असतो. कापून कापून किती कापणार?"

तो हसत निघाला. ती दोन दोर घेऊन खडकावर चढली. त्याचे दोन मित्र आणखी खाली दोर घेऊन बसले होते. तो वरच्या वळणावर दिसला, लाल हेल्मेट, शांत खांदे. आणि त्याच वेळी त्याच्या पुढून, मुळांसकट, एक अख्खं झाड वाहत आलं. एकदा गिरकी घेतली आणि उजव्या वाटेत जाऊन आडवं बसलं. पाणी फांद्यांतून गाळल्यासारखं जाऊ लागलं. पाणी जाईल, माणूस जाणार नाही.

तो खडकाजवळ आला. त्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं.

तिचा हात उठला. झाडाकडे.

"झाड! झाड!" ती जिवाच्या आकांतानं ओरडत होती. त्याला ते कुठलं ऐकू येणार? त्यानं हात बघितला, वल्हं मारलं आणि उजवीकडे वळला.

आपण काय केलं हे तिला कळलं तेव्हा कयाक फांद्यांत घुसली होती. पाण्यानं ती दुमडली, त्याच्या अंगाखालून उपटून नेली. तो एका हातानं फांदीला लटकला होता आणि सगळी नदी त्याच्या पाठीवर. तिनं फेकलेला पहिला दोर हुकला. दुसरा त्याच्या छातीवर पडला. ती बसली, टाचा रोवल्या आणि ओढलं. तळहात सोलून निघाले. मित्र धावत येईपर्यंत ती ओढतच होती.

तो वर आला तेव्हा शुद्धीवर होता. उजवा हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबत होता.

*

डॉक्टर म्हणाले, हात राहील, पण खांद्याच्या वर जाणार नाही. वल्हं विसरा.

ती पट्ट्या बांधलेल्या हातांनी त्याच्या खाटेशी बसली. वॉर्डात औषधांचा वास, पलीकडे कुणाचा तरी खोकला.

"मी चुकीच्या बाजूला हात दाखवला."

"होतं कधी कधी," तो म्हणाला आणि हसला.

"फांद्या नव्हत्या दिसल्या तुला?"

"दिसल्या होत्या."

"मग?"

"मला वाटलं, झाड दिसत असून ही तिकडं पाठवतेय, म्हणजे डावीकडे झाडाहून वाईट काहीतरी असणार."

तिनं तोंड फिरवलं. इतका विश्वास कुणी कुणावर टाकू नये, असं तिला वाटून गेलं. तो जड असतो.

"ते विचारायचं राहिलं," तो हळूच म्हणाला. "आता एकाच हाताचा माणूस आहे, पण... लग्न करशील?"

"नाही."

त्याचं हसू तसंच राहिलं, चिकटवल्यासारखं.

"असा हसत राहिलास तर नाही," ती म्हणाली. "आमच्या घरी दादा गेल्यापासून कुणी मला काही बोललं नाही. सगळे समजूतदार. त्या समजूतदारपणात मी रोज मरते. तूही तेच करणार असशील तर मला नको. भांड माझ्याशी."

"कशाला भांडू? तू मुद्दाम थोडंच केलंस?"

"भांड!"

"अगं, झालं गेलं—"

"तुला राग आलाच नाही? खरं सांग."

त्याच्या डाव्या हाताची मूठ चादरीवर वळली. जबडा हलला आणि आतून कुठूनतरी आवाज फुटला.

"झाड होतं, बाई! समोर झाड! एकच गोष्ट सांगितली होती तुला, एकच! इतके दिवस घसा फोडून... हात गेला माझा! नदी गेली! आता काय करू मी जन्मभर, काठावर बसून पाणी मोजू? काय करू, सांग ना!"

पलीकडचा खोकला थांबला. तो लहान मुलासारखा रडत होता. तीही रडत होती. तिनं एक शब्दही अडवला नाही, मान खाली घातली नाही. स्टूल पुढं ओढलं आणि सोललेले हात त्याच्या मुठीवर ठेवले. त्यानं मूठ झटकली. तिनं परत ठेवले.

"काय चाललंय? कोण ओरडतंय इथं?" नर्स धावत आली. "तुम्ही कोण यांच्या?"

तिनं बाहीनं डोळे पुसले.

"काही नाही, सिस्टर," ती म्हणाली. "घरचंच भांडण आहे."