जुळणी पुन्हा पहिल्यापासून

आमची गाठ पडली दुरुस्तीच्या दुकानात. संगणकाच्या चार हार्ड डिस्कचा जड डबा पोटाशी धरून मी काउंटरपाशी उभी होते. कानामागे स्क्रूड्रायव्हर खोचलेला तो आतून आला.

"काय होतंय बाळाला?"

मी हसले… आणि हसता हसता डोळेच भरून आले.

बाबांचा फोटो स्टुडिओ होता. चाळीस वर्षांचे फोटो मी त्या डब्यात साठवले होते. गेलेल्या आईचे सगळेच्या सगळे त्यातच. एखादी डिस्क बिघडली, तर बाकीच्या तिघी सांभाळून घेतात. पण मी हौसेनं संगणकावर नवं कर्नल, म्हणजे सगळी यंत्रणा चालवणारा गाभा, टाकलं, आणि तेव्हापासून मशीन सुरू केलं की डिस्कची जुळणी पुन्हा पहिल्यापासून.

"घरी येऊन बघतो," तो म्हणाला.

"दुकानात जागा नाही?"

"आहे की. भरपूर."

मंगळवारी त्यानं दुखणं शोधलं. "ही चौथी नव्या कर्नलला जरा उशिरा दिसते. तोवर बाकीच्या तिघी पुढे निघतात. ही मागून पोचली, की तिला परकी समजून सगळं नव्यानं भरायचं."

"बिचारी! थांबायचं ना तिच्यासाठी."

"तुम्ही थांबता उशिरा येणाऱ्यासाठी?"

"कोण येतंय, त्यावर आहे," मी म्हटलं, आणि कान तापले.

त्यानं जुनं कर्नल परत बसवलं. जुळणी सुरू झाली… एक्काहत्तर टक्क्यांवर थांबली. चौथी अजून पुरती भरली नव्हती, आणि रोजच्या त्या ओढाताणीनं आणखी एक डिस्क निकामी झाली होती; एकदम दोघी गेल्या, की उरलेल्या दोघींना सांभाळणं कठीण.

"बघू काही करता येतं का," तो म्हणाला. बुधवारी आला, गुरुवारी आला. कॉफीचा कप घेताना बोटं लागायची, दोघंही जरा उशिरानंच सोडायचो. मला वाटायचं, ज्याचे हात इतके अलगद आहेत, तो आईला परत आणेलच.

शुक्रवारी त्यानं मशीन बंद केलं.

"काही उरलेलं नाही. आणि… हे मला मंगळवारीच कळलं होतं."

"मग दोन दिवस काय करत होतात?"

"तुम्हाला भेटत होतो." त्याची मान खालीच होती. "सांगितलं असतं, तर पुन्हा यायला निमित्त उरलं नसतं. तुम्ही मला आवडता. पण मी फार वाईट वागलो."

मला त्याला घालवून द्यायचं होतं. त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडायचंही होतं. आई दुसऱ्यांदा गेली होती, आणि ते सांगणारा नेमका हाच निघावा!

त्यानं पिशवी आवरली. दारापर्यंत पोचला.

"थांबा," मी म्हटलं. "मी अजून रागावलेलीच आहे. पण बाबांना हे एकटीनं सांगणं मला जमायचं नाही."

त्यानं पिशवी खाली ठेवली. माझा हात धरावा की नाही, ते त्याला कळेना… मग मीच त्याचा धरला, आणि आम्ही बाबांच्या खोलीत गेलो.