चेहरा जुळत नाही

मंगळवारी सकाळी भार्गवीचा फोन तिला ओळखेना.

बंगळूरच्या येलहंका स्टेशनवर गाडीची वाट पाहताना तिनं तो नेहमीसारखा तोंडासमोर धरला. पडद्यावरचं कुलूप डावीउजवीकडे हललं आणि खाली अक्षरं आली : चेहरा जुळत नाही. तिनं पदरानं काच पुसली, चष्मा काढला, उजेडाकडे तोंड करून पाहिलं. शेवटी आकडे दाबून फोन उघडला.

भार्गवीची एकतीस वर्षं रक्ततपासणीच्या लॅबमध्ये गेली होती. निकाल विचित्र आला की आधी यंत्र तपासायचं, मग नमुना, हे अंगवळणी पडलेलं. तिनं फोन बंद करून चालू केला. जुना चेहरा पुसून नवा नोंदवला. दिवसभर नीट चाललं. बुधवारी पुन्हा तेच.

शनिवारी ती शिवाजीनगरला यल्लाप्पाच्या दुकानात गेली. घरातले सगळे फोन वर्षानुवर्षं तोच दुरुस्त करायचा. त्यानं भिंग लावून पुढचा कॅमेरा तपासला, स्वतःचा चेहरा नोंदवून दहा वेळा फोन उघडून दाखवला. मग तिचा नोंदवला. ती बसस्टॉपपर्यंत जाऊन परत आली, तेवढ्यात फोन पुन्हा ओळखेनासा झाला.

"फोनात काही नाही, अक्का." तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. "तुम्हीच स्वल्प वेगळ्या दिसताय."

"लेक गेली, यल्लाप्पा. चंदना. डेंग्यूनं. अकरा महिने झाले."

त्यानं हातातलं भिंग खाली ठेवलं.

"तिचा फोन आहे घरी," ती म्हणाली. "आकडे कुणालाच ठाऊक नाहीत. शेवटच्या दिवशी दवाखान्यात ती त्यात काहीतरी बोलत होती. मी आत गेले तशी थांबली."

"इतके दिवस झाल्यावर तो चेहरा घेतच नाही, अक्का. आकडेच मागतो. सगळं पुसलं तर चालू होईल."

"पुसायचं नाही."

चष्मा घरीच राहिल्याचं परतीच्या बसमध्ये तिच्या लक्षात आलं. तोवर तिनं चार बसच्या पाट्या लांबूनच वाचल्या होत्या.

घरी तिचा नवरा हयवदन खिडकीशी बसून होता. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेला, एके काळी गल्लीभर बोलत हिंडणारा माणूस. मुलगी गेल्यापासून त्यानं तिचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. वाढलं तर जेवायचा, नाहीतर तसाच बसून राहायचा. भार्गवी लॅबमध्ये असताना कधी एकदम धास्तावायची, घरी गेल्यावर हे तरी भेटतील ना म्हणून.

रविवारी दुपारी तिनं चंदनाचा फोन चार्जिंगला लावायला कपाटातून काढला. दर रविवारी लावायची. काचेवरची धूळ पुसायला तो वर धरला.

कुलूप उघडलं.

आकडे मागितले नाहीत. रेकॉर्डिंगमध्ये शेवटचं सतरा सेकंदांचं होतं. तिनं फोन कानाशी धरला. आधी नुसता श्वास. मग वडिलांना हाक मारणारा चंदनाचा धापा टाकणारा आवाज, "अण्णा, घाबरू नका. मला घरी यायचंय."

भार्गवी पलंगावर बसली आणि अकरा महिन्यांत रडली नव्हती तेवढी रडली. कितीतरी वेळानं तिनं फोन बंद केला. पुन्हा तोंडासमोर धरला.

उघडला.

तिनं आपला फोन घेतला. चेहरा जुळत नाही.

आरसा समोरच होता. ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

स्वयंपाकघरातून कॉफीचा वास आला. अकरा महिन्यांत हयवदननं गॅस पेटवला नव्हता. ती दारापर्यंत गेली. तो पाठमोरा, कॉफीला फेस आणत होता. चाहूल लागून वळला, आणि त्याचा सगळा चेहरा उजळला.

"चंदू! कधी आलीस गं?"

मी आहे, भार्गवी. तेवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण तो हसत होता.

"अम्मा कुठंय?" त्यानं विचारलं.

"येईल आत्ता," ती म्हणाली. "बाजारात गेलीय, अण्णा."

आवाज बदलावा लागला नाही.

"सरी, सरी," असा कानडीत होकार देत त्यानं दोन पेले भरले, एक तिच्या हातात दिला. मग फळीवरून तिसरा काढला, त्यातही कॉफी ओतली आणि भार्गवीसाठी वाटीनं झाकून ठेवली.