तिसऱ्या दिवसाचा चीक

निंबगडाच्या पूर्वेकडल्या बुरुजावर तांबडं फुटलं होतं, खिंडीतलं धुकं मात्र अजून हललं नव्हतं. अशा वेळी सिदोजी गवळी आणि त्याची लेक चिमा डोईवर घागरी घेऊन गडाची वाट चढत होती. दरवाज्यावर हवालदाराने रोजची हाळी दिली, "दूध कुणाचं?"

"आमचं," चिमा पुटपुटली.

"नाईक, बापाचं नाव घ्यायला लाजते हो तुमची लेक!"

"लाजत न्हाई, चिक्कू हाय," सिदोजी हसला. "शब्दसुद्धा मापून देती."

त्यानंतर तो तसा कधी हसला नाही.

सिदोजी गवळीवाड्याचा नाईक. गेल्या साली काही गवळी दुधात पाणी घालू लागले, तेव्हा त्यानेच किल्लेदार हैबतरावांपुढे गाऱ्हाणं मांडलं होतं. त्यावरून हुकूम सुटला : जो गवळी पाण्याचं दूध गडावर आणील त्याची घागर चावडीवर फोडावी, आणि त्यास हद्दपार करावे. गवळी सुधारले, तरीही लढाईतल्या जखमी शिपायांच्या वाट्याला निळसर, पातळ दूधच येत राहिलं. अखेर किल्लेदारांनी बजावलं, चोर सापडला नाही तर अवघा गवळीवाडा उठवू.

त्या संध्याकाळी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून सिदोजी म्हणाला, "चिमे, ही व्याल्याचा उद्या तिसरा दिवस. तिसऱ्या दिवसाचा चीक दिसतो दुधासारखा, पण वाफेवर ठेवला की वडी धरतो. पाणी पडलं तर धरत न्हाई."

"आबा, शिपायांना दूध जातं ते गडाच्या मुदपाकखान्यातनं, आन तिथले कारभारी अंताजीपंत किल्लेदारांचे सख्खे मेहुणे हायेत."

"ठाऊक हाय."

सकाळी एकाच धारेच्या दोन घागरी निघाल्या. एक चावडीवर पहाऱ्यात राहिली, दुसरी रोजचं दूध म्हणून मुदपाकखान्यात गेली. दुपारी, भरल्या सदरेत, सिदोजीच्या विनंतीवरून शिपायांसाठी काढलेलं दूध मागवलं गेलं आणि दोन्ही दुधांची पातेली वाफेवर चढली. झाकणं निघाली. चावडीवरच्या पातेल्यात चीक असा घट्ट बसला होता की सुरी उभी राहावी; मुदपाकखान्यातल्या पातेल्यात फुटक्या गुठळ्या पाण्यावर तरंगत होत्या.

अंताजीपंतांनी उपरण्याने कपाळ टिपलं. हैबतराव मेहुण्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी नजर काढून घेतली.

"नाईक, दुधात पाणी आहे हे सिद्ध झालं. हुकुमात गवळ्याचं नाव आहे. कारभाऱ्याचं नाही."

"सरकार, तो हुकूम मीच मागितला होता."

"म्हणूनच तुम्हांस तो ठाऊक असावा. गवळी कोण, ते सांगा. नाहीतर वाडा उठेल."

चिमा खांबाशी उभी होती. घट्ट चिकाचं पातेलं उचलून किल्लेदारांपुढे आदळावं, पाणी कुठे पडलं ते ओरडून सांगावं, असं तिला वाटलं, पण तिने खांब सोडला नाही. बापाने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग डोईचं पागोटं उतरवून त्याने सदरेच्या पायरीवर ठेवलं.

"गवळ्यांचा नाईक मी. घागर माझी."

आणि कुणी हात लावायच्या आत चावडीवर जाऊन त्याने स्वतःच ती फोडली.

त्याला हद्दीपार सोडून शिपाई परतले, आणि थंडी सरायच्या आत नदीपलीकडल्या एका देवळाच्या ओसरीवर त्याने प्राण सोडला. पुरूनही लोक मोकळे झाले होते. चिमाला वार्ता लमाणांकडून कळली. अंताजीपंत मुदपाकखान्यातच होते. जखमी तेच दूध पीत होते.

दूध मात्र गडाला लागतच होतं. दुखवटा सरल्यावर चिमा घागर घेऊन एकटी वर गेली. हवालदाराला हाळी देणं जिवावर आलं होतं, पण शिरस्ता होता. तो खाली बघत म्हणाला, "दूध कुणाचं?"

दरवाज्याच्या आत, समोरच मुदपाकखान्याच्या ओट्यावर अंताजीपंत दात कोरत बसले होते. चिमाने घागर खाली ठेवली नाही.

"सिदोजी नाईकाचं," ती म्हणाली, आणि आवाज पार सदरेपर्यंत गेला. "माझ्या बापाचं. हितवर त्यात पाणी न्हाई. पाणी आत पडतं."