सागदरीच्या चढणीला दोन प्लग

सलाईनच्या बाटल्या सागदरीला पोचवायच्या होत्या, आणि त्याही आजच! सातपुड्यातल्या त्या पाड्यावर हगवणीची साथ पसरली होती. १९८७चा श्रावण. वाटेवरचा फरशीपूल वाहून गेलेला, दवाखान्याची जीप शिरपुरातच अडकलेली. डॉक्टरसाहेब म्हणाले, "पाणी ओसरू द्या." नर्स प्रमिलाबाईंनी खोकं उचललं आणि सरळ निंबा मिस्त्रीचं गॅरेज गाठलं.

निंबाने राजदूत मोटरसायकल बाहेर काढली आणि तिचा नेहमीचा, थंड जातीचा स्पार्कप्लग काढून गरम जातीचा बसवायला घेतला. शेजारचा चिंधा उस्ताद ओरडला, "येडा शे का? घाटमा गरम प्लग? पिस्टनले भोक पडी!"

"हाऊ रस्ता पळाना नही उस्ताद, रांगाना शे!"

सावकाश चालीत थंड प्लग तापत नाही; त्याच्यावर तेलकट काजळी धरते आणि ठिणगी मरते. गरम प्लग ती काजळी जाळून टाकतो. पण जोराच्या चढणीवर तोच लालबुंद होऊन इंजिनाचा जीव घेतो. हे निंबा जाणून होता. थंड प्लग त्याने खिशात टाकला, प्रमिलाबाई खोकं घेऊन मागे बसल्या आणि त्याने किक मारली.

पुढे चार किलोमीटर वाट म्हणजे नाल्याचं पात्रच. नारळाएवढे गोटे, गुडघाभर पाणी, दोन्ही अंगांना ओला साग. पहिल्या गिअरमध्ये गाडी घोरपडीसारखी सरकत होती. दोनदा ती आडवी झाली, दोनदा प्रमिलाबाईंनी खोकं छातीशी धरून पाण्यात बैठक मारली. पण इंजिन एकदाही बंद पडलं नाही!

पात्र सोडून चढण सुरू झाली. निंबाने ॲक्सिलरेटर पिळला. वळणावर इंजिनातून खडखड आली. त्याने चावी फिरवली, तरी इंजिन चालूच! प्लग निखारा झाला होता, ठिणगीशिवायच पेट्रोल पेटवत होता. ब्रेक दाबून त्याने क्लच सोडला. गाडी गचका खाऊन थांबली.

तेवढ्यात वरून धडधडत आवाज आला. वळणाला खेटून वाहणाऱ्या नाल्याला लोंढा आला होता.

"निंबाभाऊ, पानी चढी ऱ्हायनं!" प्रमिलाबाई ओरडल्या.

"खोकं वर न्या बाई!"

"इंजिनावर पाणी ओतू का?"

"नका! हेड तडकेल!"

तापल्या हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यातून, प्लग उपसला तर त्याबरोबर आटेही निघून येतील. थांबायलाच हवं होतं. पाणी मागच्या चाकाला लागलं. निंबा हलला नाही. पाणी सायलेन्सरला लागलं. त्याने हेडवर हात ठेवला. चटका सोसेल इतका झाला होता. आता! पाना फिरला, पांढराफटक पडलेला प्लग बाहेर आला, थंड आत बसला. एक किक. दुसरी. तिसरीला राजदूत गरजली!

सागदरीत पाड्यावरच्या पुना पावराने खोकं उतरवून घेतलं. प्रमिलाबाईंनी पहिली बाटली आडव्या वाशाला टांगली, बेशुद्ध पडलेल्या भिकुबाई म्हातारीच्या खाटेवर. तासाभराने म्हातारीने डोळे उघडले.

"मनी बकरी कोठे शे?"

शुद्धीवर येताच आपल्या बकरीची चौकशी! सारा पाडा हसला. प्रमिलाबाई मात्र मोजत होत्या. आजारी सतरा, बाटल्या आठ.

निंबाने रिकामं खोकं गाडीला बांधलं.

"नाला भरेल शे, भाऊ!" पुना म्हणाला.

"भरू दे!"

पुनाने पाच गडी आणि दोर घेतला. त्यांनी राजदूत खांद्यावर उचलून काठाकाठाने त्या पाण्यापार नेली, निंबाने दवाखान्यातून आणखी बाटल्या आणल्या, आणि दिवस मावळायच्या आत भरल्या खोक्यासकट परत आणली. त्या श्रावणात सागदरीने एकही माणूस गमावला नाही.