विन्सची ओळ

विन्स गाडीत बसला की पट्टा लावत नाही. मग सीटवरचं वजन ओळखून गाडी कोकलते, तिच्या वरताण मी कोकलते, तेव्हा कुठे महाराज पट्टा ओढतात. रोज संध्याकाळी खाणीच्या फाटकातून आमची वरात अशीच निघते.

खाण सोन्याची, ऑस्ट्रेलियात, कॅलगूर्ली गावाच्या पुढे. विन्स खाली सुरुंग भरतो, मी वर नोंदणीच्या खिडकीशी बसते. खाली उतरताना प्रत्येक जण आपला पितळी बिल्ला फळ्यावर टांगतो, वर आला की काढून घेतो. पाळी सुटली की सगळ्यांची नोंद मी एक्सेलमध्ये घेते आणि तिची साधी टेक्स्ट फाइल काढते. कारण माणसं खाली असताना सुरुंग उडू नयेत म्हणून लावलेलं कुलूप सांभाळणारं मशीन म्हातारं आहे, त्याला दुसरं काही पचत नाही. प्रत्येक रकान्याची रुंदी ठरलेली. नाव आखूड पडलं की उरलेली जागा कोरी भरायची. प्रत्येक माणसाच्या ओळीत ‘वर आला’ दिसलं तरच कुलूप उघडतं.

त्या सोमवारी उघडेना. ‘एक माणूस खाली’ असं पडद्यावर आलं.

फाइलच्या तळाशी एक जादा ओळ होती. नुसती कोरी, पण अगदी पूर्ण रुंदीची. एक्सेलमध्ये तिचा पत्ता नव्हता. फळाही रिकामा. तरी दोघं जण खाली जाऊन हाका मारून आले. कोणी नव्हतं.

आमचा साहेब क्रेग डन्स्टन डोक्यावर येऊन उभा राहिला. “नोलीन, एका रिकाम्या ओळीपायी अख्खी पाळी बसवून ठेवू? खोड ती.”

खोडली. सुरुंग उडाले, खिडकीची काच थरथरली.

दुसऱ्या दिवशी ती ओळ परत हजर, एका नावाने वर सरकलेली. मी फाइल पुन्हा काढली, दुसऱ्या कॉम्प्युटरवर काढली, रकाने नव्याने आखले. मेली हटेना. रोज खोडायची, रोज ती आणखी वर. गुरुवारी ती विन्सच्या नावाला खालून टेकली.

क्रेगला सांगितलं, तर म्हणतो, “डोक्याला उन्हाळा बाधलाय तुझ्या.”

शुक्रवारी जादा ओळ नव्हती. जितकी माणसं तितक्याच ओळी. माझा जीव भांड्यात पडला.

मग दिसलं. विन्सच्या जागी कोरं होतं. एक्सेलमध्ये त्याचं नाव होतं, फाइलमध्ये नव्हतं.

‘एक माणूस खाली.’

“मी नाही खोडणार,” मी म्हटलं.

“अगं बाई, तुझा नवरा तुझ्यासमोर उभा आहे!” क्रेग खेकसला.

होताच. नुकताच अंघोळ करून आलेला, केस ओले, बोटावर बिल्ला गरगरवत. “माझीच ओळ ना, नोल? मग मीच खोडतो की!” खिडकीतून हात घालून त्याने बटण दाबलं.

“विन्स, नको!”

कुलूप उघडलं. काच थरथरली. विन्स हसत होता.

गाडीपर्यंत मी त्याचा दंड सोडला नाही. “सोड गं, लोक बघतायत,” तो म्हणाला. शेजारी बसला, पाय पसरले. पट्टा नेहमीसारखा लोंबतच राहिला.

मी गाडी सुरू केली आणि वाट बघत राहिले.

“चल ना,” विन्स म्हणाला, “भूक लागलीये.”

फाटक मागे पडलं. डांबरी रस्ता लागला.

घरापर्यंत गाडी कोकललीच नाही.