तूळी हलत होती

खोटं रचायला मला वेळ नाही. ऊर्मी उठायच्या आत हे लिहून संपवायचंय.

तांबरम, चेन्नई. १९ जुलै २०२४. भर दुपार, दोन वाजले होते.

मी नर्स. दुबईच्या लायसन्सची परीक्षा महिन्यावर आली होती. रोज दुपारी दार लोटून, दीड तासाचं घड्याळ लावून सराव पेपर सोडवायचे. मधे कुणी बोलायचं नाही, हा नियम माझाच.

तेवढा वेळ लेकीला, ऊर्मीला, सासूबाई बघायच्या. मी सोलापूरची, त्या तंजावरी मराठी. जुन्या लुगड्याची तूळी, म्हणजे छताच्या आकड्याला टांगलेली झोळी, न कंटाळता हलवत बसायच्या.

त्या दिवशी म्हणाल्या, "छातींत जड वाटतें गे."

"गॅस असेल अम्मा. इडल्या किती खाल्ल्या?"

"तूंच वाढलीस नव्हे!" हसल्या. "सेरी, बरें, तूं परीक्षा लिही. ऊर्मीला मी बघतें."

मी दार लोटलं.

बाहेर आकडा वाजायला लागला... कर्र... कर्र...

थोड्या वेळानं हाक आली.

"संयुक्ता..."

"अम्मा, पेपर चालू आहे ना!"

पुन्हा हाक आली नाही.

कर्र... कर्र... मात्र चालूच होतं. म्हणून मी निर्धास्त होते. पुढचा प्रश्न छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा होता. बरोबर सोडवला.

घड्याळ वाजलं.

त्याच क्षणी... आवाज थांबला.

बाहेर आले. ऊर्मी गाढ झोपलेली. अम्मा भिंतीला टेकून, दोन्ही हात मांडीवर.

मानेवर बोटं ठेवली. नाडी नव्हती.

कोपऱ्यावरचे डॉक्टर आले. म्हणाले, "जाऊन तास तरी झालाय."

तास!

मग तासभर तूळी...?

परीक्षा मी दिली. पास झाले. दुबईला गेले नाही.

ऊर्मी आता माझ्याजवळ पलंगावर झोपते. बाहेरची तूळी रिकामीच असते. पण मी घड्याळ लावून दार लोटलं, की...

कर्र... कर्र...

"आकडा काढून टाकू," माझा नवरा श्रीवत्स म्हणतो. मी त्याला आकड्याला हात लावू देत नाही.

एकदा राहवलं नाही. दाराला तोंड लावून म्हणाले, "अम्मा, मी पास..."

आवाज तिथंच थांबला. एकदम.

नियम माझाच ना.

तेव्हापासून गप्प बसते. आत्ताही घड्याळ लावलंय. दार लोटलंय. ऊर्मी शेजारी झोपली आहे.

अजून अकरा मिनिटं आहेत...